खेकडा ‘साफ’ करताना

बोकड कापतात, कोंबडी कापतात. मासा बहुतेक वेळा आपल्या हातात येतो तेव्हा आधीच मेलेला असतो. खेकडा मात्र आपण ‘साफ करतो’. नांग्या मोडायच्या, मग पाय, मग पोटाकडून धरून पाठीचं कवच उचकटायचं. या सगळ्या क्रमात खेकडा नेमका कधी मरतो, हे सांगणारी पायरीच नसते. तो जिवंत असतो आणि मग रश्शात असतो. मधल्या मिनिटांना आपल्याकडे शब्द नाही.

मी खेकडे खातो, आवडीने खातो, आणि हा लेख संपल्यावरही खाणार आहे. त्यामुळे हा शाकाहाराचा प्रचार नाही. माझा प्रश्न लहान आहे: ज्याच्या मरणासाठी आपण साधं क्रियापदही ठेवलेलं नाही, त्या जिवाचं आपण काही देणं लागतो का?

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंडा, कोर्लई, बोर्ली मागे टाकलं की काशीद येतं. पर्यटकांना तिथली पांढरी वाळू माहीत असते. पण गावाच्या पाठीला फणसाडचे डोंगर आहेत. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६पासून अभयारण्य. मृगाचे पहिले चांगले पाऊस झाले की या डोंगरांच्या पायथ्याचे ओढे बोलायला लागतात आणि रात्री भातखाचरांच्या बांधांवर बॅटऱ्या फिरू लागतात. अभयारण्याच्या हद्दीत शिकारीला बंदी आहे. पण बाहेरच्या ओढ्यांत आणि खाचरांत मुठे असतात. मुठा म्हणजे गोड्या पाण्यातला काळपट खेकडा. समुद्रातली चिंबोरी वेगळी. सिंधुदुर्गाकडचे लोक अशांना कुर्ल्या म्हणतील.

पकडण्याचं कसब बघण्यासारखं असतं. उजेड अंगावर पडला की मुठा क्षणभर थबकतो. तेवढ्यात मागून, नांग्यांचा पल्ला चुकवून पाठीवर बोटं टेकवायची. बिळातला काढायचा तर हात कोपरापर्यंत आत. रायगडच्या कातकरी वाड्यांवरची लहान मुलंसुद्धा बिळाच्या तोंडावरची ओली माती बघून आत कोणी आहे की नाही ते सांगतात. पकडलेल्या मुठ्याच्या नांग्या अनेकदा तिथेच मोडतात. एक तर तो चावत नाही, दुसरं म्हणजे गोणीत एकमेकांना फाडत नाहीत.

‘त्याला काय कळतंय?’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. तपासून बघण्यासारखं आहे.

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत रॉबर्ट एल्वुड यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किनाऱ्यावरच्या खेकड्यांना लपायला दोन अंधाऱ्या जागा दिल्या. एका जागेत गेलं की विजेचा हलका धक्का. दोन-तीन अनुभवांनंतर बरेच खेकडे ती जागा टाळू लागले. त्याआधीचा शंखवासी खेकड्यांवरचा प्रयोग मला जास्त विचारात पाडतो. शंखाच्या आत धक्का दिला तर खेकडा शंख सोडून बाहेर येतो. पण शंख त्याच्या आवडीच्या जातीचा असेल तर तो सहज सोडत नाही, सहन करतो. तापलेल्या तव्यावरून आपला हात आपोआप मागे येतो, ती झाली प्रतिक्षिप्त क्रिया. घर चांगलं आहे म्हणून त्रास सोसायचा, हा मात्र हिशेब आहे. आणि हिशेब करायला काहीतरी जाणवावं लागतं.

याने वेदना शंभर टक्के सिद्ध होत नाही. दुसऱ्या माणसाची वेदनासुद्धा तशी सिद्ध होत नाही. आपण खुणांवरून मानतो. अशाच खुणांच्या आधारे ब्रिटनने २०२२च्या कायद्यात खेकडे, शेवंड, कोळंबी आणि ऑक्टोपस-माकुलांना संवेदनशील प्राण्यांत घेतलं. स्वित्झर्लंडने २०१८पासून शेवंड बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली.

‘हे गोऱ्यांचे चोचले’ असं म्हणण्याआधी आपलाच कायदा बघू. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. मुठासुद्धा त्यात आला. अन्नासाठी प्राणी मारायला तो कायदा आडवा येत नाही. अट एवढीच की त्यात अनावश्यक वेदना नको. सगळा नैतिक भार त्या ‘अनावश्यक’ शब्दावर आहे. अनावश्यक, पण कोणासाठी?

आषाढात कातकरी वाडीवर चूल पेटवणाऱ्या बाईसाठी टोपलीभर मुठे हे आठवड्याचं सकस अन्न आहे. उरले तर रस्त्याच्या कडेला विकून मिठामिरचीचे पैसे. शुक्रवारी रात्री गाडी काढून आलेल्या माझ्यासारख्यासाठी ती चव आहे, आणि इन्स्टाग्रामची स्टोरी आहे. खेकडा तोच, मरण तेच. पण ‘आवश्यक’ या शब्दाचं वजन दोन ताटांत सारखं नाही. म्हणून मला वाटतं, हा प्रश्न पकडणाऱ्याला विचारण्याआधी खाणाऱ्याने स्वतःला विचारावा. ज्याच्याकडे पर्याय जास्त, त्याची जबाबदारी जास्त. शहरातून येऊन वाडीवर दयेचं व्याख्यान देणं हा मला शुद्ध आगाऊपणा वाटतो.

आता एका खेकड्याच्या वेदनेपलीकडची गोष्ट. समुद्रातली चिंबोरी लाखो अंडी देते, त्यातून सूक्ष्म अळ्या निघतात आणि पाण्यावर पसरतात. मुठ्याचं तसं नाही. मादी थोडकी, मोठी अंडी पोटाखालच्या पडद्यात जपते. त्यातून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाला चिकटून राहतात. अशा माद्या पावसाळ्यातच सापडतात. मादी ओळखणं सोपं आहे: पोटावरची घडी रुंद, गोलसर, नराची अरुंद, त्रिकोणी.

आणि याच दिवसांत आपण काय करतो? १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, माशांची वीण सांभाळावी म्हणून. समुद्र बंद झाला की जिभेची नजर ओढ्याकडे वळते. म्हणजे एका विणीला वाचवताना भूक दुसऱ्या विणीवर जाते, आणि या दुसऱ्या विणीसाठी नारळी पौर्णिमेसारखा दिवस नाही.

स्वीडनचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथल्या नद्या-तळ्यांत क्रेफिश मिळतो, शेवंडाचा गोड्या पाण्यातला छोटा भाऊ म्हणा. अतिधरपकड थांबवण्यासाठी तिथे हंगाम ठरवला, ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही. वाट बघण्यातून सण तयार झाला: ऑगस्टमध्ये कागदी टोप्या घालून, गाणी म्हणत क्रेफिश खातात. तरी १९०७मध्ये आलेल्या रोगाने त्यांचा मूळ क्रेफिश पार कमी केला आणि पुढे अमेरिकेतून दुसरी जात आणावी लागली. मर्यादा पाळली की सगळं वाचतंच असं नाही. पण मर्यादेने चव कमी होत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

‘मुठे काय, ढिगाने आहेत’ असंही ऐकू येतं. २००९ साली जगभरच्या गोड्या पाण्यातल्या १,२८० खेकडा-जातींचा आढावा घेतला गेला, तेव्हा साधारण दर सहांपैकी एक धोक्यात निघाली आणि जवळजवळ निम्म्यांबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. सह्याद्रीत तर अजून नव्या जाती सापडतायत. ढीग दिसतो तो एका ओढ्यात, एका रात्री.

खेकड्याची बाजू मांडायला कोणी नसतं, हे आपण २०१९च्या जुलैत बघितलं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. लोक चिडले, मीम झाले, विरोधकांनी आंदोलनात खेकडे नेले. त्या आंदोलनातसुद्धा खेकडे दोरीला बांधून लटकवलेले होते. गंमत आपली, लटकणं त्यांचं.

मग करायचं काय? माझ्यापुरती उत्तरं साधी आहेत. पावसाळ्यात रुंद पोटाची मादी घ्यायची नाही. विकणाऱ्याला तसं सांगायचं आणि नरासाठी दोन पैसे जास्त द्यायचे. नांग्या मोडलेले मुठे मागायचे नाहीत. गवताच्या दोरीने बांधलेले चालतात. घरी आणल्यावर आधी भरपूर बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. थंडीने वेदना पूर्ण टळते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे; जागेपणी एकेक पाय मोडण्यापेक्षा ते बरं, एवढंच मी म्हणतो. त्यानंतर लगेच सुरीने मारायचा, मगच पाट्यावर वाटप आणि चुलीवर रस्सा.

यात मला जातो तो अर्धा तास, थोडे पैसे आणि लाखेने भरलेल्या मादीची चव. ती चव सोडणं जड जातं, खोटं कशाला बोलू. पण निदान आता मी ‘साफ केला’ असं म्हणत नाही. ‘मारला’ म्हणतो, आणि मग खातो.