कूज आणि कोंब

निर्मात्याने केलेली सृष्टी चांगली असेल, तर फळाला कीड का लागते, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी तो एका कल्पित जगाच्या पुराणकथेत मांडला. ते निष्ठावंत कॅथॉलिक होते; परंतु त्यांच्या कथेत प्रवचन नाही. कदाचित म्हणूनच ती मला अनेक प्रवचनांहून (त्यांत माझीही आली) बोलकी वाटते.

त्यांच्या निधनानंतर, १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सिल्मारिलियन' या ग्रंथात जगाच्या पहिल्या वसंताचे वर्णन आहे. वनस्पतींची अधिष्ठात्री यावान्ना हिने पेरलेले बीज अंकुरते, अरण्ये वाढतात. अशा वेळी मेल्कोर हा बंडखोर आत्मा उत्तरेस गुप्तपणे गड बांधतो. त्याचा द्वेष भूमीत झिरपू लागतो. हिरवे ते रोगट होऊन सडते, नद्या गाळाने तुंबतात, दलदलींत माशा माजतात. मात्र मेल्कोरला स्वतः काहीच रुजवता येत नाही. यावान्नाने पेरले नसते, तर सडवायला त्याच्या हाती काय होते? जे बिघडू शकते ते मुळात चांगलेच असले पाहिजे, हा संत ऑगस्टीन यांचा विचार येथे कथारूप घेतो.

विचार म्हणून हे पटते; रुग्णशय्येपाशी ते अपुरे पडते. "फादर, माझे असे कोणते पाप?" हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. टोल्किन यांच्या कथेतही तिसऱ्या युगाच्या १६३६ साली पूर्वेच्या काळ्या वाऱ्यांबरोबर महामारी येते. गोंडोरचा राजा तेलेम्नार आणि त्याची सारी मुले मरतात, राजवाड्यातला शुभ्र वृक्षही वाळतो. त्या मुलांचा अपराध कथाकार सांगत नाही. अपराध शोधण्याचा मोह त्याने टाळला, याचे मला मोल वाटते.

मग कुजणेच बंद करावे काय? 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील गालाद्रिएल ही एल्फ स्वामिनी अंगठीच्या सामर्थ्याने लोथलोरिएनच्या वनात तेच करू पाहते. तेथे रोग नाही, डाग नाही, काळही थबकलेला. वाचक त्या वनाच्या प्रेमात पडतो, मीही पडलो. पण टोल्किन यांनी एका पत्रात एल्फांना चक्क मृतदेह मसाले भरून टिकवणाऱ्यांच्या पंक्तीस बसवले आहे. या अमर लोकांना मुलेही मोजकीच होतात. उलट मानवांचे मरण हे त्या पुराणात ईश्वराचे देणे आहे. त्यावर भयाची सावली टाकली ती मेल्कोरने.

गालाद्रिएल आपल्या बागेतली माती डबीत भरून सॅमला देते. सॅम पेशाने माळी. कुजल्यावाचून खत होत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको. युद्ध संपते, अंगठीचे सामर्थ्य सरते, आणि ते वनही ओसरणार हे ठरून जाते. इकडे सॅमच्या गावची झाडे शत्रूंनी तोडलेली असतात. तो नवी रोपे लावतो, प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण घालतो आणि उरलेली वाऱ्यावर उधळून देतो. पुढच्या वर्षी झाडे सरसरून वाढतात, धान्य कोठारांत मावत नाही, घरोघरी पाळणे हलतात. त्या वर्षी कोणी आजारी पडत नाही. सारे खूश असतात. कुरकुर करतात ते फक्त गवत कापणारे.