दोघांचे टेबल

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी मनुष्याला घर बहुधा स्वतंत्र मिळते. टेबल मात्र पुष्कळदा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावे लागते. घरातील माणसांशी कसे वागावे हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. परंतु चार फुटांच्या अंतरावर, समोरासमोर, वर्षानुवर्षे बसणारा जो मनुष्य आपला ना नातलग ना मित्र, त्याचे आपण नेमके काय देणे लागतो? या प्रश्नाचा विचार टेबलाच्या बांधणीपासूनच करावा असे मला वाटते. नीतीच्या पुष्कळशा अडचणी सुताराच्या हातूनच आधी सुटलेल्या किंवा बिघडलेल्या असतात.

दोघांसाठी टेबल करण्याचे मार्ग दोन. दोन साधी टेबले एकमेकांना भिडवून ठेवावी, हा पहिला. तो सोपा व स्वस्त आहे. त्यात वैगुण्य एवढेच की मध्ये फट राहते. तीत टाचण्या आणि पेन्सिली पडतात, आणि थोड्याच दिवसांत त्या फटीला सरहद्दीची प्रतिष्ठा येते. दुसरा मार्ग अखंड टेबलाचा. इंग्लंडात अठराव्या शतकापासून पेढ्यांच्या भागीदारांसाठी अशी टेबले होत असत : वर एकच फळा, दोन्ही बाजूंना खण आणि पाय ठेवण्यासाठी मध्ये आरपार पोकळी. या जातीचे जगातील सर्वांत प्रसिद्ध टेबल ‘रेझोल्यूट’ या ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडाचे आहे. व्हिक्टोरिया राणीने ते १८८० साली अमेरिकेचे अध्यक्ष हेझ यांना भेट म्हणून पाठविले. घडण दोघांच्या टेबलाची. बसणारा मात्र एकटा. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्याच्या आरपार पोकळीला एका बाजूने दार करण्यास सांगितले, आणि ते दार त्यांच्या मृत्यूनंतर बसले. अध्यक्षांच्या समोर भागीदार बसत नाही, हे त्या दाराने लाकडातच नोंदवून ठेवले आहे.

अखंड टेबल करणे वाटते तितके सोपे नाही. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. रुंदीत मात्र ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. एकट्याच्या टेबलाची रुंदी दोन फूट धरली तर दोघांच्या टेबलाची चार होते, आणि रुंदी दुप्पट झाली की तिची हालचालही दुप्पट होते. दिल्लीसारख्या गावी, जेथे मे महिन्यात लू वाहते आणि ऑगस्टात कागद ओलसर लागतात, तेथे असा फळा सांगाड्याला खिळ्यांनी पक्का ठोकला तर एकदोन वर्षांत त्याला तडा गेलाच म्हणून समजावे. म्हणून जाणता सुतार तो पक्का ठोकीत नाही. खालून लाकडी ठोकळे लावतो, सांगाड्यात त्यांच्यासाठी खाचा ठेवतो आणि फळ्याला थोडे सरकू देतो.

१९९०च्या सुमारास दिल्लीतील एका सरकारी कचेरीत माझ्या शेजारच्या खोलीत असे टेबल करण्यात आले. खोली एक आणि समान हुद्द्याचे अधिकारी दोन : एक आपल्याकडचे, सातारा जिल्ह्यातील, दुसरे बंगाली. मिस्त्री माप घेण्यास आला तेव्हा त्याने प्रथम विचारले, “साहेब, दोघांत मोठे कोण?” कोणीही नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्याने टेप व गुण्या घेऊन दोन्ही बाजू अशा तंतोतंत सारख्या केल्या की एका बाजूचा खण काढून दुसऱ्या बाजूला घातला तरी तो बसावा. सागवानी टेबल, लांबी पाच फूट, रुंदी चार, उंची तीस इंच. अन्यायाला शिरण्यास जागा म्हणून ठेवली नव्हती.

ती जागा खिडकीने करून दिली. खिडकी एकच, टेबलाच्या एका टोकाला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा लागतो. उजवीकडून आला तर स्वतःच्या हाताची सावली नेमकी लेखणीच्या टोकाशी पडते. दोघे उजवे समोरासमोर बसले आणि खिडकी बाजूला असली, तर एकाला उजेड डावीकडून आणि दुसऱ्याला उजवीकडून, यावाचून गत्यंतर नसते. ही अंधारी खुर्ची आपल्या सातारकरांच्या वाट्याला आली. ते दिवस कागदाचे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातानेच लिहावयाचे. आठ महिने ते सावलीत लिहीत राहिले आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

नवव्या महिन्यात ते रजेवर असताना त्यांच्या बाजूच्या टेलिफोनची घंटी वाजली. बंगाली गृहस्थ पलीकडे जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले, निरोप टिपून घेऊ लागले, आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. सातारकर परतल्यावर त्यांनी आभार मानले नाहीत की क्षमा मागितली नाही, ते रागावले. “आठ महिने आपण मला अन्यायी ठेवलेत,” ते म्हणाले, “आणि मला त्याचा पत्तासुद्धा लागू दिला नाहीत!” सातारकर चकित झाले. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन म्हणाले, “अहो, सोसले मी आणि वर रागावतात हे! आपण होऊन मागायचे तरी कसे?”

मला त्या दोघांत बंगाली गृहस्थांचे म्हणणे खरे वाटले, आणि अजून वाटते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत संकोचाला सद्गुणाच्या देव्हाऱ्यात बसविले आहे. ताटात नको असलेले वाढले तरी खावे, हवे असलेले मागू नये. परंतु मूकपणे सोसणारा मनुष्य मनात एक खाते उघडतो. त्यात दुसऱ्याच्या नावे रोज काही मांडले जाते, आणि त्या दुसऱ्याला आपण कर्जदार आहोत याची वार्ताही नसते. फेडण्याची संधी न देता वाढू दिलेले हे कर्ज प्रामाणिक म्हणता येईल काय? ज्याच्या कागदावर उजेड आहे त्याला सावली दिसणे जवळजवळ अशक्य असते. ती सांगू शकतो तो सावलीत बसलेलाच. त्याने न सांगणे म्हणजे समोरच्याचे न्यायीपण परस्पर नाकारणे होय. ‘सांगून तरी तो काय करणार’ असा निवाडा त्याला न विचारताच देऊन टाकणे होय.

एक मर्यादा मात्र मानली पाहिजे. हे सारे समान हुद्द्याच्या माणसांना लागू. सावलीत बसलेला जर हाताखालचा असेल, तर त्याच्या मौनाला संकोच म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. तेथे उठून पलीकडच्या खुर्चीत बसून पाहण्याचे काम वरच्यानेच केले पाहिजे, आणि टेलिफोनची वाट न पाहता. मिस्त्रीचा पहिला प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता.

आपले धर्मशास्त्र वाटणीच्या बाबतीत किती बारकाईने विचार करीत आले आहे! विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील सहदायादाला वाटणी होईपर्यंत आपला हिस्सा इतकाच असे म्हणता येत नसे. जन्ममृत्यूंनी तो कमीजास्त होई. बंगालात चालणाऱ्या जीमूतवाहनाच्या दायभागात भावांचा कबजा एकत्र असला तरी प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने व २००५ च्या दुरुस्तीने यांतील पुष्कळ पालटले. तरी आमच्या त्या टेबलाचा फळा मिताक्षरेचा आणि खण दायभागाचे, असे मी थट्टेने म्हणत असे. पण उजेडाचे काय? १८८२ च्या ईझमेंट कायद्याने इमारतीला वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगाने उजेडाचा हक्क मिळू शकतो. खुर्चीत बसलेल्या मनुष्याला तो कोणत्याच कायद्याने मिळत नाही. तो समोरच्याने द्यावयाचा असतो.

दोघांनी अखेर असे ठरविले की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खुर्च्या बदलावयाच्या. मिस्त्रीचा नेमकेपणा येथे कामी आला : कागद उपसावे लागत नसत, भरलेले खणच्या खण काढून पलीकडे सरकवून दिले की अर्ध्या तासात काम होई. पावसाळ्यात खण फुगून अडकत, तेव्हा अदलाबदल चार दिवस लांबे. शिपाई हसत. सातारकरांना प्रथम हे सारे ओशाळवाणे वाटले. बंगाली गृहस्थांनी आपल्या वाट्याचा सावलीचा महिना एकदाही चुकविला नाही.

आता अशी टेबले दिसेनाशी झाली आहेत. फायली संगणकावर गेल्या. समोरासमोर बसणाऱ्यांच्या मध्ये दोन पडदे उभे राहिले. लेखणीच्या टोकाशी पडणारी सावली गेली, आणि पलीकडच्याचा चेहराही गेला. ज्याला मान वाकडी केल्यावाचून समोरचा दिसत नाही, त्याला काय सलते ते कळण्यास आता अधिक खटपट करावी लागते.

बंगाली गृहस्थांची पुढे शिलाँगला बदली झाली. त्यांच्या जागी आलेले केरळचे अधिकारी डावखुरे निघाले. अंधारी खुर्ची त्यांना हवी तशीच होती. खिडकीचा उजेड त्यांच्या कागदावर स्वच्छ पडे. प्रश्न सुटला, पण तो कोणाच्या न्यायबुद्धीने सुटला असे म्हणता येणार नाही. खण आपापल्या बाजूला कायमचे राहिले. सातारकर मात्र पुढेही दर पहिल्या तारखेला, पावसाळ्यातसुद्धा, खुर्ची बदलावयाची काय असे त्यांना विचारीत, आणि ते हसून आपला डावा हात वर करून दाखवीत.