उड्डाण आणि नकार

धैर्याची स्तुती करणे हे फार स्वस्त काम आहे. त्यासाठी स्वतःजवळ धैर्य असावे लागत नाही. एक आरामखुर्ची पुरते. दिवसभर कचेरीत कागद हलवून घरी यावे, चहाचा पेला हाती घ्यावा, दूरचित्रवाणीचा संच लावावा आणि अलास्कातील एखादा वैमानिक वादळाच्या तोंडावर आपले चिमुकले विमान नदीकाठच्या वाळूवर कसे उतरवितो ते पाहत वाहवा म्हणावी, यात आपला एक पैसाही खर्च होत नाही. असे कार्यक्रम आम्ही आवडीने पाहिले आहेत. परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आमच्यासारख्या पुष्कळांनी ते तसेच पाहिले असावेत. त्या आवडीतूनच उठलेला एक प्रश्न येथे मांडावासा वाटतो. पडद्यावर ज्याला आपण धैर्य म्हणतो ते नेमके वसते कोठे? विमान हाकणाऱ्याच्या हातात, की ते आज हाकावे अथवा हाकू नये हे ठरविणाऱ्याच्या मनात?

या जातीचे दोन कार्यक्रम विशेष गाजले. एक 'आइस पायलट्स एन. डब्ल्यू. टी.'. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील येलोनाइफ येथून उड्डाणे करणाऱ्या बफेलो एअरवेज या कंपनीवर तो आधारलेला होता आणि २००९ ते २०१४ पर्यंत चालला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील डी. सी. ३ विमाने, आपण ज्यांना डाकोटा म्हणून ओळखतो ती, ही कंपनी रोजच्या वाहतुकीला वापरीत असे. दुसरा 'फ्लाइंग वाइल्ड अलास्का', २०११ व २०१२ या दोन वर्षांतला. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील उनालाक्लीट या गावचे ट्वेटो कुटुंब त्याच्या केंद्रस्थानी होते. अशा वैमानिकांना तिकडे 'बुश पायलट' म्हणतात. बुश म्हणजे झुडूप असे शब्दकोश सांगेल; पण हे लोक जेथे उडतात तेथे पुष्कळदा झुडूपही उगवत नाही. रस्ता संपल्यावर जो मुलूख उरतो तो सारा 'बुश'.

आणि असा मुलूख तिकडे उदंड आहे. अलास्कातील दर पाच वस्त्यांपैकी सुमारे चार वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. पीठ, दूध, औषधे, टपाल, शाळेचा बास्केटबॉलचा संघ, अडलेली बाळंतीण, परगावी मेलेल्या माणसाची शवपेटी, हे सर्व विमानातूनच येते आणि जाते. तेव्हा बुश पायलट हा मुळात कोणी साहसवीर नव्हे. आपल्याकडे आडगावी मुक्कामाची एस. टी. नेणारा जो चालक, त्याचाच हा आकाशातला भाऊबंद. फरक एवढाच की याचा घाट दर खेपेला नवा असतो. थंडी तर अशी की उणे चाळीस अंशांवर, म्हणजे जेथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन मापांचे प्रथमच एकमत होते तेथे, एंजिनातील तेल घट्ट होऊन बसते. जुन्या काळी वैमानिक मुक्कामाला उतरला की आधी एंजिनातले तेल डब्यात काढून घेई, तो डबा घरात आणी, सकाळी चुलीवर तापवून पुन्हा एंजिनात ओती आणि मगच निघे. प्रवाशाच्या आधी तेलाची शुश्रूषा! या कष्टाळू व्यवहारात एक शांत शहाणपण आहे, आणि ते आम्हांला कोणत्याही कसरतीपेक्षा अधिक मोहविते.

परंतु दूरचित्रवाणीचे पोट शहाणपणावर भरत नाही. तिला संकट हवे असते, आणि तेही जाहिरातीच्या आधी. विमानाची चाके जमिनीला टेकण्याच्या क्षणी चित्र तुटते, मधे साबण आणि मोटारगाड्या येऊन जातात, आणि मग कळते की विमान सुखरूप उतरले होते. यात खोटे काही नसते. धोका खराच असतो. पण त्या दिवशी ज्या चार वैमानिकांनी आकाशाकडे पाहिले, खिडकीची काच पुसली आणि 'आज नाही' म्हणून बूट काढून ठेवले, त्यांचे चित्र कोण घेणार? नकाराला रूप नाही, आवाज नाही. कॅमेऱ्यापुढे तो केवळ खुर्चीत बसलेला एक माणूस असतो.

या संदर्भात दोन जुन्या घटना आम्हांला शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ पसरली. प्रतिविषाची पेटी रेल्वेने नेनानापर्यंत येऊ शकत होती. पुढे नोम ६७४ मैल. फेअरबँक्स येथे विमाने होती, पण ती हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली आणि वैमानिकाची जागा उघडी असलेली. विमान पाठवा असा आग्रह वृत्तपत्रांनी धरला, वॉशिंग्टनपर्यंत खटपट झाली. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी ते मानले नाही. विमान पडले तर माणूस जाईल आणि त्याच्याबरोबर प्रतिविषही जाईल, हा त्यांचा हिशेब. त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या नेमल्या. वीस हाकणारे आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी ती पेटी हातोहात पुढे देत साडेपाच दिवसांत नोमला पोचविली.

चारच वर्षांनी, १९२९ च्या जानेवारीत, तोच रोग कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेस उद्भवल्याची वार्ता आली. या वेळी प्रांताच्या आरोग्यखात्याने वॉप मे या वैमानिकाला विचारले. तो आणि त्याचा सोबती व्हिक हॉर्नर हे दोघे उघड्या बैठकीच्या लहानशा एव्हरो एव्हियन विमानातून २ जानेवारीस एडमंटनहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी फोर्ट व्हर्मिलियन येथे औषध घेऊन उतरले. परतल्यावर हजारो लोक त्यांच्या स्वागतास जमले.

आता न्याय कसा करावा? रोग तोच, ऋतू तोच, मुलांचे प्राण दोन्हीकडे सारखेच मोलाचे. एकाने विमान पाठविले नाही, दुसऱ्याने पाठविले. आणि आमच्या मते दोघेही बरोबर होते. बोन यांच्यापुढे कुत्र्यांचा भरवशाचा मार्ग होता आणि विमानाचा बेभरवशाचा. अल्बर्टातील अधिकाऱ्यांपुढे एक खरोखरीचा वैमानिक उभा होता, त्याला आपल्या यंत्राची जाण होती, आणि जमिनीवरचा मार्ग फार लांबणीचा होता. बाह्य कृती परस्परविरुद्ध, आतील विवेक एकच. असे असता लोकांनी कोणाला खांद्यावर घेतले? वॉप मे यास, आणि नोमच्या बाबतीत कुत्र्यांना! गव्हर्नरांचे नाव आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणास ठाऊक नाही. वृत्तपत्रांचा शब्द न ऐकण्याचे धैर्य हे धैर्य म्हणून मोजण्याची आपल्याला सवयच नाही.

त्याच १९२९ सालची तिसरी घटना मात्र मन उदास करते. कार्ल बेन आयल्सन हा अलास्काच्या विमानविद्येचा एक प्रवर्तक. सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ 'नानुक' हे जहाज बर्फात अडकले होते. त्यावरील माणसे आणि मौल्यवान कातडी विमानाने आणण्याचा ठेका त्याच्याकडे होता. नोव्हेंबरातील वादळात तो आणि त्याचा यंत्रज्ञ निघाले ते परतले नाहीत. माणसांसाठी गेले असे म्हणावे, तर कातडीचा भाव आडवा येतो. कातडीसाठी गेले असे म्हणावे, तर त्या दोघांवर अन्याय होतो. हेतू असे मिसळलेलेच असतात, आणि पडद्यावरचा निवेदक ते कधी निवडून दाखवीत नाही.

या वृत्तीला तिकडील सरकारने पुढे नावही दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० साली अलास्कातील लहान विमानसेवांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात अपुऱ्या धावपट्ट्या व हवामानाची अपुरी माहिती यांच्या जोडीला 'बुश सिंड्रोम' हेही एक कारण गणले गेले. धोका हा जणू पेशाचाच भाग आहे असे सहज मानण्यापासून तो विनाकारण अंगावर घेण्यापर्यंतची जी मनोवृत्ती, तिला हे नाव. ज्या गुणासाठी आपण टाळ्या वाजवितो तोच अभ्यासकांच्या कोष्टकात व्याधी म्हणून नोंदलेला आहे.

पडद्यावर निरीक्षक नावाचा जो प्राणी अधूनमधून येतो त्याच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तो आपल्या जातीचा आहे. हाती कागद, कपाळाला आठी, मालकाच्या उत्साहावर पाणी ओतणारा. प्रेक्षकांची सहानुभूती अर्थातच मालकाकडे. पण १९ ऑगस्ट २०१३ रोजी काय घडले? बफेलोचे एक डी. सी. ३ येलोनाइफहून २१ प्रवासी व ३ कर्मचारी घेऊन उडाले, लगेच त्याच्या उजव्या एंजिनाने पेट घेतला आणि झाडांना घासत ते धावपट्टीच्या अलीकडे पोटावर उतरले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. चौकशीत आढळले ते असे की उड्डाणापूर्वी वजनाचा नीट हिशेबच केलेला नव्हता आणि विमानात परवानगीपेक्षा अधिक भार होता. कंपनी आणि सरकारी खाते यांच्यातील वैरभावाचा उल्लेख त्या अहवालात आहे. खात्याची देखरेखही उणी पडली असे त्यात म्हटले आहे. वजनाचा तक्ता भरणे हे किती नीरस काम! आम्ही दहा-बारा वर्षे असेच तक्ते भरीत आलो आहोत. त्यातला एखादा रकाना चोवीस माणसांच्या जिवाशी जोडलेला असू शकतो हे आमच्या टेबलावर बसून सुचत नाही.

एवढ्यावरून कारकुनाची पाठ थोपटून लेख संपविता आला असता. तसे करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. नकार देणारा प्रत्येक जण स्कॉट बोन नसतो. फायलीवर हरकतीचा शेरा मारून ती खाली पाठविणे हा पुष्कळदा अंग चोरण्याचाच सभ्य प्रकार असतो. त्या 'नाही'ची किंमत शेरा मारणाऱ्याला पडत नाही, ती दूर कोठेतरी वाट पाहणाऱ्याला पडते. आमच्या वाचकांपैकी जे लेहला राहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. विमान दिसेनाशा हवेमुळे रद्द झाले म्हणजे त्यामागील शहाणपण बुद्धीला पटते, पण घरून आजाऱ्याची तार यावी तसा दूरध्वनी आलेला असला तर मनाला ते पटत नाही. अलास्कातही तेच. ट्वेटो कुटुंबाच्या कार्यक्रमात दिसणारी कंपनी पुढे 'राव्हन' या नावाने चालली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. शंभराहून अधिक वस्त्यांची सेवा एका दिवसात थांबली. त्या दिवशी एकही विमान धोक्यात नव्हते, आणि तरीही माणसे धोक्यात होती.

म्हणून बोन आणि अंगचोर कारकून यांच्यातील भेद ओळखावा कसा, हा खरा अवघड प्रश्न. आम्हांला एवढेच दिसते की बोन यांनी 'विमान नाही' म्हटल्यावर ते थांबले नाहीत. त्याच वाक्यात त्यांनी कुत्रे, माणसे, मुक्कामाची ठिकाणे यांची तजवीज केली. ज्या नकाराच्या पाठोपाठ दुसरा रस्ता शोधण्याचे कष्ट येतात, तो नकार आणि ज्याच्या पाठोपाठ केवळ दिनांक आणि सही येते, तो नकार हे दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. निवाडा पुढच्या पानावर होतो.

जिम ट्वेटो, ज्यांना त्या कार्यक्रमाने जगभर पोचविले, ते १६ जून २०२३ रोजी शाक्टूलिकजवळ विमान अपघातात वारले. कार्यक्रम संपून अकरा वर्षे झाली होती. ऋतू हिवाळ्याचा नव्हता, कॅमेरा नव्हता. त्यांच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. वार्ता वाचली तेव्हा एवढेच जाणवले की आपण ज्या चित्रांवर संध्याकाळी घालवल्या ती त्यांची रोजची रहदारी होती.

अलास्कात आणखी एक जातीचे कॅमेरे आहेत. त्यांवर कोणी कार्यक्रम केलेला नाही. तेथील विमानखात्याने डोंगरखिंडींत, धावपट्ट्यांशेजारी, ओसाड किनाऱ्यांवर असे दोनशेहून अधिक ठिकाणी ते बसविले आहेत. त्यांची चित्रे कोणालाही पाहता येतात. निरभ्र दिवसाचे एक चित्र शेजारी ठेवलेले असते, त्यात कोणता डोंगर किती मैलांवर आहे हे लिहिलेले असते. वैमानिक निघण्यापूर्वी ते पाहतो. डोंगर दिसला तर जातो, न दिसला तर चहा करतो. आम्हीही एकदा ती चित्रे उघडून पुष्कळ वेळ पाहिली. एका खिंडीत काहीच नव्हते, सगळे पांढरे. दहा मिनिटांनी चित्र बदलले, तेव्हाही पांढरेच होते.