दाराबाहेरची खुर्ची

पहाट व्हायच्या आत एक तरुणी न्यूयॉर्कमधल्या एका ऑफिसात पोचते. दिवे लावते, कॉफी करते, साहेबांच्या टेबलावरचे कागद लावून ठेवते. मग हातात रबरी मोजे चढवून त्यांच्या केबिनमधल्या सोफ्यावरचा डाग घासून काढते. खाली कार्पेटवर कुणाचं तरी कानातलं पडलेलं असतं, ते उचलून बाजूला ठेवते. पुढे दिवसभर झेरॉक्स, विमानाची तिकिटं, हॉटेलातल्या खोल्यांची आरक्षणं, उष्टी भांडी. साहेब फोनवर ओरडतात, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत राहतो. पडद्यावर मात्र ते एकदाही धड दिसत नाहीत.

‘द असिस्टंट’ हा २०१९ सालचा चित्रपट किटी ग्रीन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा. १९८४ साली मेलबर्नमध्ये जन्मलेली ग्रीन तिथल्याच व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ द आर्ट्समध्ये शिकली. तिच्या नावावर मोठे चित्रपट चारच, दोन माहितीपट आणि दोन कथापट. पण सत्ता रोजच्या रोज कशी चालते, या एकाच प्रश्नाला इतक्या चिवटपणे धरून राहिलेला दुसरा दिग्दर्शक तिच्या पिढीत मला दिसत नाही. म्हणून तिच्या कामाकडे सलग बघावंसं वाटलं.

आणखी एक कारण आहे. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांच्या घरून फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायचं काम माझ्याकडे होतं. मीटिंग नसायची. हे मला ठाऊक होतं आणि ऑफिसातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. ‘द असिस्टंट’मध्येही साहेबांच्या बायकोचा संतापलेला फोन येतो आणि दोघे पुरुष सहकारी तो मुकाट्याने त्या मुलीकडे सरकवतात. तिथे मी चित्रपट थांबवला. तीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य आपण किती सहज म्हणत होतो, हे आठवून पुढे बघवेना.

ग्रीनची सुरुवात याच्या अगदी उलट्या टोकाने झाली. तिची आजी युक्रेनची. त्या धाग्याने ती कीव्हला गेली आणि ‘फेमेन’ या संघटनेच्या मुलींबरोबर राहू लागली. उघड्या छातीवर घोषणा रंगवून रस्त्यावर उतरणाऱ्या या मुलींनी तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं व्यापली होती. परदेशी पुरुषांनी युक्रेनला वेश्यावस्ती समजू नये, ही त्यांची मूळ मागणी. ग्रीन एका छोट्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासोबत महिनोन्‌महिने राहिली, निदर्शनांचं चित्रीकरण करत हिंडली. आणि तिच्या ध्यानात आलं की या स्त्रीवादी संघटनेची सूत्रं पडद्यामागून एक पुरुष हलवतो आहे. त्याचं नाव व्हिक्टर स्व्यात्स्की. कोण कुठे उभं राहील, काय करेल, हे तो सांगायचा. मुलींना तो घालूनपाडून बोलायचा, आणि देखण्या मुली निवडल्या कारण त्यांच्यामुळे वर्तमानपत्रं खपतात, असं ग्रीनने सांगितलं. ‘युक्रेन इज नॉट अ ब्रॉथेल’ हा माहितीपट २०१३ साली व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली. ग्रीनने त्या वेळी वयाची तिशीही गाठली नव्हती.

हा गौप्यस्फोट होता आणि तो गाजला. पहिल्याच चित्रपटात पडद्यामागचा माणूस सापडला, तर पुढच्या चित्रपटातही तसाच एखादा शोधावा, हा कुणालाही पडणारा मोह. ग्रीनने तो टाळला. मला वाटतं, त्या फ्लॅटमध्ये तिच्या मनात दुसराच प्रश्न रुतून बसला असणार. स्व्यात्स्की कसा आहे हे कळलं, पण या हुशार, निडर मुली त्याचं ऐकत का राहिल्या? पोलिसांच्या लाठीला न भिणारी मुलगी घरातल्या फोनवरचा आरडाओरडा खाली मान घालून का ऐकते?

मधल्या काळात तिने एक विलक्षण पद्धत शोधली. १९९४ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये युक्रेनच्या ओक्साना बायुल या अनाथ मुलीने फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकलं होतं. तिची भूमिका करायला आलेल्या लहान मुलींच्या निवडचाचण्या, एवढ्यावरच ग्रीनने एक लघुपट बेतला. २०१५ साली त्याला सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळालं. हीच रीत तिने २०१७ सालच्या ‘कास्टिंग जॉनबेने’मध्ये मोठी केली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर गावी, १९९६ च्या नाताळात जॉनबेने रॅम्सी या सहा वर्षांच्या मुलीचा तिच्या घरातच खून झाला. गुन्हा आजही उकललेला नाही. ग्रीनने खुनाचा तपास केला नाही. तिने त्याच परिसरातल्या हौशी आणि व्यावसायिक नटांना चाचणीसाठी बोलावलं आणि आई, बाप, पोलीस यांच्या भूमिका करताना तुम्हाला काय वाटतं, एवढंच विचारलं. माणसं आधी खुनाबद्दल आपापले अंदाज सांगतात आणि बोलता बोलता स्वतःच्या घरात शिरतात. कुणाचा जिवलग गेलेला, कुणी मारझोड सोसलेली. ज्याला त्याला आपल्या जखमेच्या आकाराचा खुनी दिसत असतो. त्या मुलीचं मरण वापरून चित्रपट केला, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो अगदीच गैरलागू नाही. तरी गुन्ह्याभोवतीचं गाव बघायला ग्रीन इथेच शिकली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हार्वी वाइनस्टीन या बलाढ्य चित्रपट-निर्मात्याची लैंगिक अत्याचारांची कृत्यं उघड केली. त्यानंतर या विषयावर बरंच काही आलं. ‘शी सेड’ या २०२२ च्या चित्रपटाने ती बातमी काढणाऱ्या वार्ताहर महिलांची चिकाटी सांगितली आणि चांगली सांगितली. ग्रीन मात्र अशा साहेबांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्या मुलींना शोधत गेली. तिने अनेक सहायकांशी बोलून त्यांच्या दिवसभराच्या कामांची बारीकसारीक माहिती गोळा केली आणि त्यातून जेन ही एकच मुलगी आणि तिचा एकच दिवस रचला. ज्युलिया गार्नरने ती भूमिका जवळजवळ न बोलता केली आहे. पार्श्वसंगीत नसल्यातच जमा. ट्यूबलाइटची घरघर, झेरॉक्स मशीनचा खडखडाट, लिफ्टचा आवाज, बस्स.

या पद्धतीतून जे कळतं ते कुठल्याही न्यायालयीन नाट्यातून कळत नाही. तो साहेब एकटा काहीच करू शकत नाही. त्याला खोली आरक्षित करणारं कुणी तरी लागतं, मुलीला गाडीतून हॉटेलवर सोडणारं लागतं, सोफा पुसणारं लागतं, फोनवर थाप मारणारं लागतं. प्रत्येक काम सुटं घेतलं तर निरुपद्रवी आहे, पगारात बसणारं आहे. गुन्हा या कामांच्या यादीतूनच वाट काढत जातो.

जेनला एका क्षणी राहवत नाही. आयडाहोहून आलेली एक कोवळी वेट्रेस, कसलाही अनुभव नसताना, थेट साहेबांची नवी सहायक म्हणून दाखल झालेली असते आणि तिला हॉटेलात उतरवलेलं असतं. जेन मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याकडे जाते. मॅथ्यू मॅक्फेडनने रंगवलेला हा गृहस्थ सौम्य आहे, कागद पुढे ओढून ऐकून घेतो. मग विचारतो की नेमकं झालं काय? जेनकडे सांगण्यासारखं काय असतं? एक कानातलं, हॉटेलची एक खोली, एक नवी मुलगी. तो तिला तिच्या भवितव्याची आठवण करून देतो, आणि ती निघताना दिलासा म्हणून सांगतो की तू काळजी करू नकोस, तू साहेबांच्या पसंतीतली नाहीस. इतकं थंड, इतकं भयंकर वाक्य मी अलीकडच्या चित्रपटांत ऐकलेलं नाही. ती जागेवर परत येईतो साहेबांना सगळं कळलेलं असतं. दोघे सहकारी तिच्या खांद्यावरून वाकून माफीच्या ईमेलचे शब्द सुचवतात. त्यांना ते शब्द पाठ असतात.

आपल्याकडे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे, असं तो सांगतो. हा कायदा मोलाचा आहे, कष्टाने मिळालेला आहे. पण समितीपुढे मांडायला एखादा प्रसंग लागतो, आणि जेनपाशी फक्त जाणीव आहे. वाइनस्टीनच्या लंडन ऑफिसातल्या झेल्डा पर्किन्स या सहायिकेने १९९८ साली सहकारी मैत्रिणीसाठी आवाज उठवला, तेव्हा ते प्रकरण तोंड बंद ठेवण्याच्या करारावर येऊन संपलं. तो करार मोडून ती बोलली २०१७ मध्ये. म्हणजे जेन याहून पुढे गेली असती तरी काय झालं असतं, याचं एक उत्तर इतिहासात नोंदलेलं आहे.

‘द असिस्टंट’नंतर ग्रीन घरी परतली. ‘द रॉयल हॉटेल’ (२०२३) ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात घडतो. हॉटेल म्हटलं की आपल्याला मिसळ आणि कटिंग आठवतं. तिथे जुन्या मद्यालयांना हॉटेल म्हणतात, कारण दारूचा परवाना हवा तर राहायच्या खोल्या ठेवाव्या लागत. खाली बार, वर खोल्या. बारमध्ये काम करणाऱ्या मुली त्याच खोल्यांत राहतात आणि रात्री खालचे पुरुष जिना चढू शकतात. चित्रपटातलं सगळं भय या एका जिन्यात आहे.

त्याला आधार आहे ‘हॉटेल कुलगार्डी’ या पीट ग्लीसनच्या माहितीपटाचा. पर्थपासून पाचशेहून अधिक किलोमीटर आत, १८९२ साली सोनं सापडल्यावर वसलेल्या कुलगार्डीत फिनलंडच्या दोन मुली बारमध्ये कामाला गेल्या, त्याची ती हकिगत. तिथे जाणाऱ्या परदेशी तरुणांची कमतरता नसते. ऑस्ट्रेलियात हिंडत हिंडत काम करण्याचा व्हिसा दुसऱ्या वर्षी हवा असेल, तर बऱ्याच देशांच्या तरुणांना ८८ दिवस शहरांपासून दूर, ठरावीक कामं करावी लागतात. ग्रीनच्या कथेत हॅना आणि लिव्ह या दोघी पैसे संपले म्हणून येतात. आल्या आल्या मालक हॅनाला जी शिवी घालतो, ती इथली रीतच असेल म्हणून लिव्ह सोडून देते. इथे साहेब अदृश्य नाही. सगळे समोर आहेत, हसतात, विनोद करतात, गाडीतून फिरवतात. यांतला कोण घातकी, हे हॅनाला सतत ताडावं लागतं, आणि ताडत बसण्याची ही पाळी यावी, हाच तिच्यावरचा अन्याय. १९७१ च्या ‘वेक इन फ्राइट’मध्ये असाच परका शिक्षक असल्याच गावात दारूच्या पुरात बुडाला होता. त्याच्यासाठी तो स्वतःच्या अधःपाताचा प्रवास होता. हॅनाला अधःपाताची चैन परवडणारी नाही, तिला शुद्धीवर राहणं भाग आहे.

शेवटी दोघी ते हॉटेल पेटवून देतात. इथे माझा ग्रीनशी मतभेद आहे. आग बघून प्रेक्षक सुटतो, आणि प्रेक्षकाला सुटू न देणं हेच तर तिचं बळ. जेनने काही पेटवलं नाही. रात्री ती समोरच्या दुकानात बसून मफिन खाते, वडिलांना फोन करते, विसरलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. ते तिला सांगतात की आम्हाला तुझा अभिमान वाटतो. समोर वरच्या मजल्यावर दिवा जळत असतो, खिडकीत एक सावली हलते. ती उठून घरी जाते, उद्या पहाटे परत यायला.

‘द असिस्टंट’ जेमतेम ८७ मिनिटांचा आहे. या दिवाळीच्या सुटीत तो बघा. तुमच्या घरात यंदा पहिल्यांदाच नोकरीला लागलेलं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवा, आणि संपल्यावर विचारा, की तुला ऑफिसात दिवसभर नेमकी काय काय कामं सांगतात.