सभासद काढण्यापूर्वी

आपल्या छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या सेक्टरांत, गारखेड्यात, ज्योतीनगर-उल्कानगरीकडच्या वसाहतींत रहिवाशांचे लहानमोठे क्लब आणि मंडळे आहेत. कुठे सभागृह, कुठे बॅडमिंटनचे कोर्ट, कुठे ज्येष्ठांसाठी कॅरमची खोली. नोंदणी झालेली असते किंवा नसते. वर्गणी मात्र असते, नियम असतात आणि नियम मोडणारेही असतात. एकाची दोन वर्षांची वर्गणी थकलेली असते. दुसरा सभागृहाची किल्ली परस्पर नातेवाइकाच्या साखरपुड्याला देतो. तिसरा वेळ संपली तरी कोर्ट सोडत नाही आणि हटकले की वॉचमनवर ओरडतो. मग सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतून आवाज येतो, "नाव कमी करा त्याचं."

त्या आवाजामागचा राग खरा असतो. जे वेळेवर वर्गणी भरतात, आपली पाळी येईपर्यंत थांबतात, त्यांना आपण उगाच सरळ वागलो असे वाटू लागले की मंडळ आतून पोखरले जाते. नियम मोडणाऱ्याकडे कानाडोळा करणे हा चांगुलपणा नव्हे. तो सरळ वागणाऱ्यांवरचा अन्याय आहे. पण 'नाव कमी करा' हा उपाय आपल्याला इतक्या चटकन का सुचतो? आणि नाव कमी करताना आपण माणसाकडून नेमके काय काढून घेतो? या मातीत या प्रश्नाचा विचार निदान सातशे वर्षे चालला आहे आणि त्याची एक फार जुनी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे.

ती जागा म्हणजे पैठण. ज्ञानदेवांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. परंपरा सांगते की देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, आईवडील गेले, तरी मुलांच्या डोक्यावरचा बहिष्कार उठला नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापुढे यावे लागले. ते पत्र शके 1209, म्हणजे इसवी सन 1287 चे मानतात. ही कथा आपण चमत्कारासाठी ऐकतो. मला तिच्यातल्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. नियम बापाने मोडला होता आणि शिक्षा मुले भोगत होती, ही पहिली. दुसरी अशी की इतक्या कठोर व्यवस्थेतही परत येण्याचा एक रस्ता होता. तो लांबचा होता, अपमानाचा होता, पण कुठे जायचे आणि कोणापुढे उभे राहायचे हे ठाऊक होते.

सहाशे वर्षांनंतरही शिक्षेचे स्वरूप फारसे बदलले नव्हते. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी नावे वर्तमानपत्रातून उघड केली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारक मंडळी त्यांच्यावर रागावली. गुन्हा होता चहाचा एक पेला. शिक्षा मात्र घरातल्या मुंजीपर्यंत, लग्नापर्यंत आणि श्राद्धापर्यंत पोहोचत होती. जातीने जे दिले होते ते सगळेच जात काढून घेऊ शकत होती, कारण जन्मापासून सरणापर्यंत सगळे तिच्याच हातात होते.

या सामर्थ्याचे सर्वांत नेमके वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. 1936 मधल्या 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात त्यांनी बहिष्काराची शिक्षा थेट मृत्युदंडाशेजारी नेऊन ठेवली. 1947 मध्ये राज्यघटनेसाठी मांडलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी बहिष्काराची व्याख्या करून तो दंडनीय गुन्हा ठरवावा अशी कलमेच लिहून दिली. त्यांच्यापुढे ब्रह्मदेशाचा 1922 चा बहिष्कारविरोधी कायदा होता. हेच बाबासाहेब 1950 मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे करत होते. ज्यांना पिढ्यानपिढ्या दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात दार उघडत होते.

महाराष्ट्राला तो कायदा करायला मात्र 2016 उजाडले. मुंबई राज्याने 1949 मध्ये एक कायदा केला होता, पण तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दच केला. पुढे जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चळवळ चालवली, माणसे बोलू लागली आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. जुलै 2017 पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. हा कायदा धर्माने किंवा जातीने बांधलेल्या समुदायासाठी आहे. कॉलनीचा क्लब त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तरी या सगळ्या प्रवासातून एक सीमारेषा स्पष्ट झाली, आणि माझ्या मते ती आपल्या क्लबांनाही लागू आहे. संस्थेने जेवढे दिले तेवढेच तिला परत घेता येते. क्लबने कोर्ट दिले असेल तर कोर्ट बंद करावे, सभागृह दिले असेल तर सभागृह. शेजारपण क्लबने दिलेले नाही. नमस्कार, सुखदुःखाला जाणे, पोरांचे एकमेकांशी खेळणे यांतले काहीच क्लबचे नाही.

आपल्याकडे ही रेषा सर्रास ओलांडली जाते. थकबाकीदाराच्या मुलीचे नाव गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेतून वगळले जाते. ज्याच्याशी कार्यकारिणीचे वाजले, त्याच्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे जात नाही. ठराव कुठेच नसतो, बहिष्कार मात्र पूर्ण असतो. पैठणला आलेल्या त्या चार भावंडांची आठवण इथे व्हायला हवी.

शिक्षा किती, याच्याशेजारीच ती द्यायची कशी हाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर क्लबांच्याच भांडणांतून घडत गेले. लंडनच्या बीफस्टेक क्लबने हेन्री लाबुशेअर या सभासदाला काढले तेव्हा 1879 मध्ये न्यायालयाने तो निर्णय टिकू दिला नाही. कारण समितीने नीट चौकशी केली नव्हती आणि आरोप काय, हे त्याला आधी कळवलेही नव्हते. आपल्याकडे हा प्रश्न बेळगावहून आला. तिथल्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन मंडळीच्या लॉजने एका सभासदाला काढले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1962 च्या निकालात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मांडलेली तत्त्वे आजही प्रत्येक मंडळाच्या सचिवाने वाचावीत अशी आहेत. सभासद संस्थेच्या नियमांनी बांधलेला आहे, आणि संस्थाही त्याच नियमांनी बांधलेली आहे. नियमांत सांगितलेल्या रीतीनेच त्याला काढता येईल. संस्थेच्या निर्णयावर न्यायालय अपील ऐकत बसणार नाही. पण अधिकार नसताना, मनात खोट ठेवून किंवा म्हणणे ऐकून न घेता केलेला निर्णय ते मोडू शकते. तो सभासद खटला हरला. तत्त्वे मात्र त्याच्यासारख्या पुढच्या सगळ्यांच्या कामी आली.

महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने हीच काळजी कलम 35 मध्ये घेतली. सभासद काढायचा तर त्यासाठीच बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमत हवे, त्याला त्या सभेपुढे बाजू मांडू द्यायला हवी, आणि निबंधकांची मंजुरी मिळेपर्यंत ठराव निर्जीव. शिवाय काढलेल्या सभासदाला परत येण्यावर बंदी एक वर्षाची. कायद्याने ही मुदत लिहून ठेवली, याचे मला विशेष वाटते.

कारण आपल्या मंडळांच्या घटनांत नेमके तेच नसते. संस्थेच्या हिताविरुद्ध वागणाऱ्याचे सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार कार्यकारिणीस राहील, अशा अर्थाचे एका ओळीचे कलम छापील नमुन्यावरून उतरवून घेतलेले असते. हित म्हणजे काय, पहिल्या चुकीला काय, तिसऱ्या चुकीला काय, किती दिवसांत खुलासा द्यायचा, निर्णय कोण करणार, परत कधी येता येईल, यांतले एकही अक्षर त्यात सापडत नाही. हातात एकच हत्यार असले की कार्यकारिणी दोनच गोष्टी करते. वर्षानुवर्षे गप्प बसते, किंवा एका संध्याकाळी चिडून तेच हत्यार उगारते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी स्पेनमधले कालवे आणि जपानी खेड्यांची सामाईक राने यांचा अभ्यास 1990 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शतकानुशतके टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना शिक्षेच्या पायऱ्या दिसल्या. पहिल्या चुकीला दंड इतका किरकोळ की तो 'आमचे लक्ष आहे' एवढेच सांगे. पुन्हा चूक झाली तर तो वाढत जाई. जपानी खेड्यांत अगदी शेवटची शिक्षा बहिष्काराची होती. पण तिथेही आग लागली किंवा घरात मृत्यू झाला तर गावाने धावून जावे असा संकेत सांगतात.

पायऱ्या म्हणजे सगळ्याच चुकांना सारखा वेळ देणे नव्हे. वर्गणी थकवणाऱ्यापेक्षा वॉचमनला शिव्या देणारा माझ्या लेखी मोठा अपराधी आहे, कारण समोरच्याला नोकरीच्या भीतीने उलट बोलता येत नाही. अशा वेळी चौकशी होईपर्यंत क्लबचे दार त्याच दिवशी बंद करावे. आणि मारहाण, विनयभंग, पैशांची अफरातफर हे क्लबचे विषयच नाहीत. ते पोलिसांचे आहेत. 'आपल्या कॉलनीचे नाव जाईल' म्हणून असले प्रकरण सभागृहात बसून मिटवणे हा जातपंचायतीचाच कारभार झाला, त्याला दुसरे नाव नाही.

उरतो तो निर्णय करणाऱ्याचा प्रश्न. छोट्या वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात, पूर्ण तटस्थ माणूस मिळणे कठीण. तरी ज्याची तक्रार आहे त्याने निर्णयाला बसू नये, आणि ज्याच्याशी पार्किंगवरून भांडण चालू आहे त्यानेही बसू नये, एवढे पाळणे अवघड नाही. शेजारच्या वसाहतीतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा वकील बोलावता येतो. लोक आनंदाने येतात.

आपल्या मंडळाची पुढची वार्षिक सभा मार्चनंतर कधीतरी होईल. विषयपत्रिकेत हिशेब असतील, निवडणूक असेल, गणेशोत्सवाची वर्गणी असेल. त्यात घटनादुरुस्तीचा एक विषय घाला. लेखी नोटीस, खुलाशाला पंधरा दिवस, चढत्या पायऱ्या, घरच्यांना शिक्षा नाही आणि परतीची ठरलेली मुदत, एवढी पाच कलमे पुरेत. ती कोणावरही राग नसताना, सगळे शांत असताना मंजूर करून घ्या.