दुःखावरून पाप ठरत नाही

वाईट कर्म केले तर त्याचे फळ भोगावे लागते, हे कर्मसिद्धांताचे मूळ विधान. रोजच्या बोलण्यात मात्र ते बहुतेक वेळा उलटे होऊनच येते. एखाद्या घरी अपंग मूल जन्मले, कोणाला ऐन तारुण्यात असाध्य दुखणे जडले, की भेटायला आलेले लोक दबक्या आवाजात म्हणतात, ‘गेल्या जन्मीचे काहीतरी देणे असणार.’ कर्माकडून फळाकडे जाणारे विधान इथे फळाकडून कर्माकडे फिरवले जाते, आणि फिरवताना आपण काही नवेच म्हणतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कर्मसिद्धांत खरा की खोटा, हा वाद मला घालायचा नाही. तो पूर्ण खरा मानला तरी त्यातून दुःखी माणसावर पापाचा ठपका ठेवता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मांडण्याची निकड वाटते, कारण या एका चुकीच्या पायरीच्या आधारावर कुष्ठरोग्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले.

शाळेच्या भूमितीत ‘जर’चा भाग म्हणजे पूर्वांग, ‘तर’चा भाग म्हणजे उत्तरांग, आणि दोघांची अदलाबदल केली की व्यत्यास मिळतो. चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात, हे खरे. कर्ण समान असतील तर चौकोन चौरस असतो, हे खोटे. कोणताही लांबट आयत ते मोडून काढतो. पण काही व्यत्यास खरेही असतात, आणि गोंधळ होतो तो त्यांच्यामुळे. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले 47वे विधान. बाजूंचे वर्ग असे जुळत असतील तर त्रिकोण काटकोनी असतो, हे 48वे. दोन्ही खरी आहेत, तरी युक्लिडने 47वे सिद्ध झाल्यावर 48वे आपोआप आले असे मानले नाही. त्याने दिलेल्या त्रिकोणाशेजारी दुसरा काटकोन त्रिकोण रचला, 47वे विधान त्या नव्या त्रिकोणाला लावले, आणि मग तिन्ही बाजू समान म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप असल्याचे दाखवले. म्हणजे पहिले विधान एकटे पुरले नाही. एकरूपतेची वेगळी मदत घ्यावी लागली. आपल्या शुल्बसूत्रांतही हीच जोडी आहे. आपस्तंबाच्या महावेदीच्या रचनेत 36 मापांच्या अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या, 54 मापांच्या दोरीवर 15 आणि 39 असे भाग पाडणारी खूण करायची, दोरीची टोके खुंट्यांना बांधून ती खुणेपाशी धरून ताणायची, की 15च्या टोकाशी काटकोन तयार होतो. सूत्रांमधला नियम आयताच्या कर्णाबद्दल बोलतो. दोरी मात्र काम करते ती व्यत्यासावर. आजही गवंडी तीन-चार-पाचच्या मापाने भिंतीचा कोपरा काढतो तेव्हा तो व्यत्यासच वापरत असतो. वेदी बरोबर बसते, कारण हा व्यत्यास खरा आहे. तो पहिल्या विधानातून फुकट मिळालेला नाही.

हा भेद पश्चिमेकडून आलेला आहे असेही नाही. आपल्या नैयायिकांनी तो अतिशय बारकाईने हाताळला. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती ते मानतात. जिथे अग्नी तिथे धूर, ही मानत नाहीत, आणि त्यासाठी ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा समोर ठेवतात: अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा निघतो? इंधन ओले असेल तेव्हा. या ओल्या इंधनाला ते उपाधी म्हणतात, म्हणजे जिच्यावाचून अनुमान लंगडे पडते अशी दडून राहिलेली अट. दोन्ही दिशांनी खरी असणारी ती समव्याप्ती आणि एकाच दिशेने खरी असणारी ती विषमव्याप्ती, असे भाग त्यांनी पाडले होते. ज्या परंपरेने धुरावर इतका विचार केला, त्याच परंपरेत वाढलेल्या समाजाने माणसाच्या दुःखाबाबत तो भेद विसरावा, याची मला फार खंत वाटते.

धर्मग्रंथांतही या उलट्या अनुमानाला विरोध झालेला आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की जे काही सुखदुःख वाट्याला येते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतो: पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक. कर्म त्याने नाकारलेले नाही, आठांतले एक म्हणून ठेवले आहे. हिब्रू बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही हेच उलटे अनुमान करतात. पाप्याला शिक्षा होते, तुला झालेली दिसते, तेव्हा तू पापी. वाचकाला पहिल्याच अध्यायापासून ठाऊक असते की ईयोब निर्दोष आहे, आणि शेवटी त्यांचा देवच त्या मित्रांना चुकीचे ठरवतो. आणि 15 जानेवारी 1934च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. हेतू उदात्त होता. रवींद्रनाथांनी तरीही जाहीर हरकत घेतली, आणि त्यांचा एक मुद्दा तर्काच्या वर्मावर बोट ठेवणारा होता: हाच भूकंप सनातनी लोक गांधीजींच्या चळवळीवरचा कोप म्हणूनही सांगू शकतील. एकाच फळावरून दोन पूर्ण विरुद्ध पापे काढता येत असतील, तर त्या फळाने कोणतेच पाप सिद्ध केलेले नसते.

यावर जाणकार आक्षेप घेतील की कर्मसिद्धांत एका दिशेचा नाहीच. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, वैषम्य आणि नैर्घृण्य या दोषांच्या चर्चेत, शंकराचार्य स्पष्ट सांगतात की जगातली विषमता जीवांच्या कर्मांमुळे आहे, नाहीतर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल. हा आक्षेप भक्कम आहे, आणि मी त्याचा आदर करतो, कारण त्यात व्यत्यासाला स्वतंत्र आधार देण्याची गरज ओळखलेली आहे. पण हा आधार सिद्ध काय करतो ते बघा. तो मान्य केला तरी हाती येते ते इतकेच, की अनादी काळातल्या कोणत्यातरी जन्मातल्या कोणत्यातरी कर्माचा या दुःखाशी संबंध आहे. कोणते कर्म, कोणता जन्म, याविषयी तो एक अक्षर सांगत नाही. दारात आलेल्या कुष्ठरोग्याकडे बघून ‘हा पापी’ म्हणायला जी नेमकी माहिती लागते ती त्यात नाही, आणि त्याच न्यायाने आपण सगळेच तितके पापी ठरतो. 1873 मध्ये नॉर्वेत हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला. कर्म जंतूमार्फत काम करते असे हवे तर म्हणा. पण रोगापासून जंतूपर्यंतची पायरी सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते, जंतूपासून पापापर्यंतची येत नाही. भूमितीत एक आयत दाखवला की खोटा व्यत्यास कोसळतो. इथे निष्पाप दुःखी दाखवला तरी ‘गेल्या जन्मी केले असेल’ हे उत्तर तयारच असते. कोणत्याही उदाहरणाने जे मोडूच शकत नाही, त्याच्या आधारे एका विशिष्ट माणसाला दोषी कसे ठरवायचे?

दुसरा आक्षेप मला अधिक हळवा करतो. ‘माझेच भोग’ असे म्हणून कितीतरी दुःखी माणसे धीर धरतात. तो आधार तर्काने का काढून घ्यायचा? काढून घेऊ नये. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याचे दुःख आहे त्याचा, आणि तिथे तो अनुमान करत नसतो, आपल्या जगण्याला काही आकार देत असतो. तेच वाक्य शेजाऱ्याच्या तोंडून आले की आरोप होते, आणि आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. वाईट कर्माची भीती यामुळे सुटेल, असेही कोणी म्हणेल. ती सुटत नाही, कारण मूळ विधान जागच्या जागी आहे. कर्म करताना ‘याचे फळ मला भोगावे लागेल’ असे स्वतःला बजावायला व्यत्यासाची गरजच पडत नाही. ती पडते फक्त दुसऱ्याचे दुखणे बघून त्याचा न्याय करायचा असेल तेव्हा.