बेडकाला काय खायला द्यावे?

साधकहो, पावसाळ्यात मुले ओढ्याकाठचा बेडूक बरणीत घालून घरी आणतात. घर शाकाहारी. आई भाताची शिते टाकते, पोळीचा तुकडा टाकते. बेडूक ढुंकूनही पाहत नाही. मुले विचारतात, "आई, याला काय द्यायचे?" आपण काय उत्तर देऊ?

बेडकाचे पिल्लू पाण्यातले शेवाळ खाते; मोठा बेडूक मात्र किडे, गांडुळे यांवरच जगतो. त्यातही हलणारा जीवच त्याला अन्न म्हणून ओळखू येतो. म्हणजे जिवंत किडा द्यावा तर आपल्या हातून हिंसा; भात द्यावा तर बेडूक उपाशी मरणार.

किडा खाणे हे बेडकाचे पाप नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. आपले व्रत दुसऱ्याच्या पोटावर लादणे हीसुद्धा हिंसाच. शेतात हाच बेडूक पिकावरची कीड खातो. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात थांबवली, त्यामागे हाही विचार होता.

मग चूक कुठे आहे? बरणीत. ओढ्यावर त्याला वाढायला कोणी नव्हते, तरी तो उपाशी नव्हता. आपण त्याला कोंडले आणि त्याचे पोट आपल्या हाती आले. म्हणून मुलांना रागावू नका. त्यांचा हात धरून, जिथून बेडूक आणला तिथेच तो सोडून या.

परतताना स्वतःला एक प्रश्न विचारा : घरातल्या माणसांनाही आपण त्यांना हवे ते देतो, की आपल्याला आवडते ते?